पीडीएफ वर्डमध्ये नेताना मराठी का फुटतं?

रत्नागिरीपासून मालवणापर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात हे ऐकायला मिळतं: ‘फुकटचं सॉफ्टवेअर आहे म्हणून मराठीचा चिवडा झाला, पैसे भरून घ्या, जत्रेची पत्रिका वर्डमध्ये जशीच्या तशी येईल.’

तसं नाही. पीडीएफ १९९३ साली अडोबीनं आणली ती पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. फाइलमध्ये मुख्यतः अक्षराचं चित्र कुठे ठेवायचं एवढीच नोंद असते. ते चित्र कुठल्या युनिकोड अक्षराचं (युनिकोड म्हणजे संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेला ठरीव क्रमांक), हे सांगणारा तक्ता असेलच असं नाही, आणि असला तरी देवनागरीत तो बऱ्याचदा अपुरा असतो. ‘रत्नागिरी’ घ्या. ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘ग’च्या आधी, पण युनिकोडमध्ये साठते नंतर. दिसेल त्या क्रमानं उचललं की ‘रत्नािगरी’! जोडाक्षरं आणि रफार यांचे हाल वेगळेच.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तर इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ बसवलेला. कॉपी केलं की ‘डी’च हाती लागणार, तिथे फॉन्ट कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, चालतो.

आधी दोन ओळी निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठी नीट आलं तर वर्डमध्ये नेणारं बहुतेक कुठलंही साधन चालेल. ओळ निवडलीच जात नसेल तर तो स्कॅन, म्हणजे निव्वळ फोटो. स्कॅन असो वा फुटलेलं मराठी (त्याच्या पानांचे आधी फोटो करून घ्या), फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा; ओसीआर अक्षरं चित्रावरून वाचतं, तेही फुकट. टेबलं मात्र विस्कटतात, आणि सातबाऱ्यातले आकडे मूळ कागदाशी ताडून घ्यावेच लागतात.