स्वादुपिंड शस्त्रक्रियेतील अनुभववक्र

स्वादुपिंडाच्या शीर्षभागाच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाचा हात कसा बसत जातो, हे दाखवणारा आलेख. शीर्षभागासह ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय व पित्तनलिकेचा भाग काढून स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडतात.

ही शस्त्रक्रिया अ‍ॅलन व्हिपल (१९३५) यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती प्रथम कोणी केली याबद्दल मतभेद आहेत. शल्यचिकित्सक कोदिविल्ला यांनी १८९८ मध्ये इटलीत केलेल्या प्रयत्नानंतर रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. काउश यांचा बर्लिनमधील रुग्ण (१९०९) काही महिने जगला, म्हणून आद्यत्व त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरी कसोटी स्वादुपिंड व आतडे यांच्या जोडाची. स्वादुपिंडाची ग्रंथी मऊ आणि तिच्यातील नलिका ३ मिमी.पेक्षा बारीक असली, की लोण्यात टाका घालण्यासारखी गत होते. दोरा किंचित जास्त ओढला तरी ऊती फाटते. जोड गळल्यास पाचक रस जवळच्या रक्तवाहिन्या कुरतडतो व काही दिवसांनीही मोठा रक्तस्राव होऊ शकतो. अनुभवी केंद्रांतही गुंतागुंत होते, पण ती वेळीच ओळखून रुग्ण वाचवला जातो. हे श्रेय शल्यचिकित्सकाइतकेच रात्रपाळीच्या परिचारिकेचे, भूलतज्ज्ञाचे आणि सीटी-स्कॅन विभागाचेही असते.

हात बसायला किती शस्त्रक्रिया लागतात? अमेरिकेतील एका कर्करोग केंद्राच्या २००७ मधील अभ्यासावरून ६० हा आकडा वारंवार दिला जातो. यंत्रमानवी (रोबोटच्या साहाय्याने केलेल्या) पद्धतीत मात्र, २०१५ मधील अभ्यासानुसार, रक्तस्राव सुमारे २०, जोडाची गळती ४० आणि लागणारा वेळ ८० शस्त्रक्रियांनंतर कमी झाला. म्हणजे काय मोजले यावर आकडा ठरतो. शिवाय अनुभवी शल्यचिकित्सक अवघड रुग्णही हाती घेतात, त्यामुळे गुंतागुंतीचा किंवा वेळेचा वक्र पुन्हा वर गेलेला दिसू शकतो.

ग्रामीण विदर्भातील रुग्णांना अशा शस्त्रक्रियेसाठी सहसा नागपूर किंवा वर्ध्याकडील मोठी रुग्णालये गाठावी लागतात. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे डोळे पिवळे दिसणे नवलाचे वाटत नाही, आणि काविळीवर आधी गावठी औषध होते. न दुखता वाढणारी कावीळ, अंगाला खाज व पांढुरकी शौच एकत्र दिसल्यास शीर्षभागातील गाठीने पित्तनलिका दाबली गेलेली असू शकते, म्हणून सोनोग्राफी लांबवू नये. शस्त्रक्रियेनंतर जेवणाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल लागू शकतात. साखर वाढू शकते, म्हणून लागणारी रक्तशर्करेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.