गरिबांची पेटी आणि तिच्या चार किल्ल्या

मदतनिधीचं खातं वेगळं, धनादेशावर दोघांच्या सह्या, अर्जाचा निर्णय समितीकडे. आज अनेक चर्चमध्ये असलेली ही पद्धत लेखापरीक्षणाच्या काळात जन्मलेली नाही. तिची सुरुवात पहिल्या शतकातल्या एका तक्रारीपासून झाली.

यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी कुरकुर सुरू झाली. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तिची नोंद आहे. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती दाबली नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगून वाटप त्यांच्या हाती दिलं. या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलेच लोक कारभारावर आले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. डीकनचं, म्हणजे चर्चचं सेवाकार्य सांभाळणाऱ्या सेवकाचं, पद पुढे परंपरेने याच घटनेशी जोडलं.

प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली, तेव्हा ती एकट्याने नेण्याचं त्याने टाळलं. मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली आणि करिंथ शहरातल्या मंडळीला कारणही स्पष्ट लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये. स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला शंका नव्हती. तो लोकांच्या विश्वासाची काळजी घेत होता.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की रविवारचं अर्पण सभेच्या प्रमुखाकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांना मदत मिळे. सन 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस सांगतो की तिथलं चर्च 1500 हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होतं. इतक्या लोकांना यादीशिवाय सांभाळणं अशक्यच. पाचव्या शतकात रोमच्या पोपांनी चर्चच्या उत्पन्नाचे चार भाग ठरवले: बिशप, धर्मगुरू, इमारती आणि गरीब. गरिबांचा वाटा कागदावर पक्का झाला, पण प्रत्यक्षात तो पुष्कळदा इतरत्र वळला.

सन 1523 मध्ये जर्मनीच्या सॅक्सनीतल्या लायझ्निग गावाने सामायिक पेटीची, म्हणजे गावाच्या एकत्रित निधीची, नियमावली केली आणि धर्मसुधारक मार्टिन लूथरने तिला प्रस्तावना लिहिली. दहा कारभारी: दोन सरदारांतले, दोन नगरपरिषदेचे, तीन नागरिक, तीन शेतकरी. पेटीला चार कुलपं, प्रत्येक गटाकडे एक किल्ली. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. कारभाऱ्यांनी दर रविवारी बसायचं आणि वर्षातून तीनदा सर्वांसमोर हिशेब मांडायचा. गरजू कारागिराला धंदा उभारायला उचल मिळे. फेडता आली नाही तर ती सोडून दिली जाई. एवढं करूनही नगरपरिषद जुन्या देणग्यांवरचा ताबा सोडायला तयार होईना. नियम चोख असले तरी पैसा ज्याच्या हातात असतो तो सहजी सोडत नाही.

इंग्लंडमध्ये 1601 च्या कायद्याने गरिबांची मदत पॅरिशमधल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) सक्तीच्या करातून होऊ लागली. अशा सक्तीच्या कराला विरोध म्हणून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत धर्मगुरू टॉमस चाल्मर्स यांनी 1819 पासून आपल्या पॅरिशचे 25 विभाग करून प्रत्येक विभागाला एक डीकन दिला आणि ऐच्छिक वर्गणीवर काम चालवलं. डीकन घरी जाऊन चौकशी करी. मात्र आधी नातेवाईक, शेजारी पाहा आणि मग चर्चकडे या, हा त्यांचा आग्रह ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी कठोर होता, असं मला वाटतं. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या व्हिन्सेंट द पॉल संस्थेतही घरभेट हाच पाया राहिला.

या घरभेटींतून एक पेच उभा राहिला, तो अजून सुटलेला नाही. देणाऱ्याला हिशेब हवा आणि घेणाऱ्याची अब्रूही राखायला हवी. म्हणून पुष्कळ समित्या सभेपुढे फक्त रक्कम आणि प्रकरणांची संख्या ठेवतात, नावं गुप्त राहतात. रोख देण्याऐवजी भाडं किंवा दवाखान्याचं बिल परस्पर भरलं जातं. सदस्याचा नातेवाईक अर्जदार असेल तर तो सदस्य निर्णयातून बाजूला होतो. आणि दात्याने ‘हे पैसे अमक्याच कुटुंबाला द्या’ म्हटलं, तर अनेक चर्च ते स्वीकारत नाहीत. गरज कोणाची मोठी हे ठरवणं समितीचं काम आहे, दात्याचं नाही.