बघून येणं आणि करून येणं: सर्जनांच्या परदेशी फेलोशिपची पार्श्वभूमी

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी या गाडीवानाला वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने नवं नाक बसवून दिलं होतं. मेणाच्या पातळ पत्र्यावर नाकाचा आकार घ्यायचा, तो पत्रा कपाळावर सपाट करून भोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोलून भुवयांमधल्या देठावर फिरवत खाली आणायची आणि साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा. कृती स्पष्ट लिहिलेली होती. तरी लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी ती रुग्णावर केली १८१४ मध्ये, आधी शवांवर करून पाहिल्यावर. नुसत्या वर्णनावर विसंबून रुग्णाला हात लावायला सर्जन बिचकतो, आणि त्याने बिचकावंच. जाणत्याच्या शेजारी उभं राहून हात बसवायचा, यासाठीच फेलोशिप लागते.

पुढे विद्येचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघालं, पण सरकारी रुग्णालयांतल्या वरच्या जागा बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या. परळला १९२६ मध्ये सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम सुरू झालं, तेव्हा शिक्षक भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती. तिथे शिकवायला भारतीय सर्जन हवे होते, आणि त्या काळी सर्जनची पत ठरायची विलायतेच्या एफआरसीएसवर, म्हणजे तिथल्या रॉयल कॉलेजच्या सर्जनपदाच्या परीक्षेवर. तेव्हाची एफआरसीएस उच्च प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच द्यायची असे. खरा हात तयार व्हायचा तो नंतर, ब्रिटनमधल्या रुग्णालयात रजिस्ट्रार, म्हणजे प्रशिक्षण घेणारा डॉक्टर, म्हणून काढलेल्या वर्षांत, रात्री-अपरात्री आलेली पोटं उघडताना. जे.जे.त प्लास्टिक सर्जरी उभी करणारे डॉ. नोशीर अँटिया ब्रिटनमध्ये हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले आणि ते कसब त्यांनी इथे कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे सुधारायला वापरलं. परदेशी शिक्षणाचं याहून चांगलं चीज आम्हाला माहीत नाही.

ही वाट हळूहळू अरुंद झाली. अनेक भारतीय वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनमध्ये असलेली मान्यता १९७५ मध्ये गेली आणि परदेशी डॉक्टरांना परीक्षा लागू झाली. २००६ मध्ये वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलतही संपली. २००९ पासून मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ प्रशिक्षण देणारी योजना आहे, जास्तीत जास्त २४ महिन्यांची. अमेरिकेत परवाना नसेल तर रुग्णाला हात लावता येत नाही. म्हणून आपले पुष्कळ सर्जन तिथे ऑब्झर्वरशिप करतात, म्हणजे टेबलापासून चार पावलं मागे उभं राहून बघतात. प्रमाणपत्र मिळतं, पण हात होता तिथेच राहतो.

याची किंमत किती पडते, ते दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दाखवलं. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे.जे.त भारतातली पहिली लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळात जगभरचे सर्जन हे तंत्र दोन-तीन दिवसांच्या शिबिरांत शिकत होते. अमेरिकेतल्या सर्जनांच्या एका गटाने १९९५ मध्ये हिशेब मांडला: पित्तनलिकेला झालेल्या इजांपैकी ९० टक्के इजा सर्जनच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत झाल्या होत्या. पहिल्या रुग्णात इजेची शक्यता १.७ टक्के, पन्नासाव्यात ०.१७ टक्के. चूक बहुधा एकच होते. पित्ताशय चुकीच्या दिशेला ओढलं की मुख्य पित्तनलिका ताणून पित्ताशयाच्या नळीच्या रेषेत येते, तीच नळी समजून क्लिप लागते आणि कापली जाते. म्हणून क्लिपआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: कॅलोचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी, पित्तनलिका आणि यकृत यांमधली जागा) चरबी काढून मोकळा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना, त्याची नळी आणि धमनी. व्हिडिओत हे सोपं वाटतं. सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात ओढ किती द्यायची आणि कुठे थांबायचं, हे मात्र शेजारी कुणी असेल तरच कळतं.

म्हणून फेलोशिप स्वीकारण्याआधी मागच्या फेलोचं लॉगबुक, म्हणजे शस्त्रक्रियांची नोंदवही, मागावं. ब्रिटिश पद्धतीच्या लॉगबुकात मदत केली, शिक्षक स्क्रब होऊन (हात निर्जंतुक करून, गाऊन-हातमोजे घालून) सोबत असताना केली, शिक्षक ऑपरेशन थिएटरमध्ये पण स्क्रब न होता असताना केली, स्वतंत्र केली, असे वेगळे रकाने असतात. वर्षभराच्या नोंदी जवळजवळ सगळ्या 'मदत' या रकान्यात असतील, तर ती फेलोशिप नावापुरतीच आहे.

कागदपत्रांत आपल्याकडे एक हमखास अडचण येते. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि कधी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर गुंता आणखी वाढतो आणि पदवीची पडताळणी अडकते. नावाचं प्रतिज्ञापत्र आणि गॅझेटची प्रत आधीच करून ठेवावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे डॉक्टरची नोंदणी आणि वर्तन ठीक असल्याचा दाखला, मात्र सगळ्यात शेवटी काढावं. ब्रिटनमध्ये ते तीनच महिने ग्राह्य धरतात. लवकर काढलं तर इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मुदत संपते. आयईएलटीएस दिली तर तिथे एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात.

आता मुंबई शिकवणारीही झाली आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये परदेशी सर्जनही कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शिकायला येतात. इथे येणाऱ्यालाही तात्पुरती नोंदणी लागते. ती नसेल तर तो आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये तसाच चार पावलं मागे उभा राहतो. वॉर्डातल्या मावशींशी आणि रुग्णांशी बोलायला मराठी-हिंदी येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधीची तपासणी आणि नंतरची देखभाल त्याच्या हातून सुटते. पहिला महिना त्याला भाषेसाठी आणि वॉर्डासाठी दिला, तर पुढचे महिने सार्थकी लागतात.

आणि परत गेल्यावर? त्याच्या रुग्णालयात स्टेपलर (टाक्यांऐवजी पिना मारणारं उपकरण) नसेल, तर स्टेपलरवर शिकलेली आतड्याची जोडणी निरुपयोगी. असा फेलो आला की त्याच्या रुग्णालयात काय मिळतं याची यादी पहिल्याच आठवड्यात घ्यावी, आणि तिथे हाताने टाके घालून जोडणी होत असेल तर त्याला तीच शिकवावी. त्याच्यासोबत तिथली स्क्रब नर्सही आली, तर उत्तमच.