जाड भिंत आणि थर्माकोल: गारवा एक, तऱ्हा दोन

‘भिंत जाड, म्हणजे घर गार’ हे इतकं कानावर पडलंय की जाडी आणि उष्णतारोधन एकच, असं वाटू लागतं. तसं नाही.

सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर घ्या. दोन-दोन फुटी भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात भर दुपारी आत भिंतीला पाठ टेकली तर गार लागते. ती भिंत ऊन अडवत नाही, गिळते. गिळलेलं आतल्या बाजूला पोहोचेस्तोवर रात्र होते, तेव्हा मंडळी माळवदावर अंथरुणं टाकून झोपलेली असतात. पहाटेच्या गारव्यात भिंत पुन्हा रिकामी. पण हे जमतं ते रात्री पारा चांगला उतरतो म्हणून. मुंबई-कोकणात दिवसरात्रीचा फरकच कमी. भिंत रिकामी व्हायची कधी? तिकडे पडवी, उतरतं छप्पर आणि वाराच कामाचा.

थर्माकोल काही गिळत नाही. त्यात कोंडलेली हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही, एवढंच. इंचभर थर्माकोल जे अडवतो, त्याला साधारण 20 इंच वीट लागेल. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बांधणीत विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडतात. तीही हवेचीच करामत, शिवाय पाव हिस्सा विटा वाचतात.

आणि आपला चार-पाच इंची उघडा स्लॅब? धड साठवत नाही, धड अडवत नाही. दुपारभर तापतो आणि नेमका झोपायच्या वेळी आत ओकतो. पंखा तीच धग अंगावर ढकलतो. मग एसी येतो, बिल येतं, आणि घरातली उष्णता गल्लीत. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत छताचं यू-मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं बरं) जास्तीत जास्त 1.2 असावं असं आहे. उघड्या स्लॅबचं त्याच्या दुपटीहून जास्त भरतं.

थर्माकोलसारखा थर बसवायचाच तर स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंग नीट करून. खाली फॉल्स सीलिंगमध्ये भरला तर स्लॅब वर तापतच राहतो. एसी नसेल, तर रात्री खिडक्या उघड्या ठेवा. नाहीतर माणसांची, गॅसची, फ्रीजची ऊब आतच कोंडते. थर्मासमध्ये चहा गरमही राहतो की.