ड्युटीनंतरचा गांजा आणि मालकाचा अधिकार (अमेरिका)

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आता गांजा कायदेशीर आहे, पण त्यापायी नोकरी जाणार नाही याची हमी सगळीकडे नाही. माणसानं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, राज्याच्या नियमात राहून गांजा घेतला तरी कंपनी त्याला काढू शकते का, यावरून तिथे बरीच वर्षं कोर्टबाजी चालू आहे.

सगळ्यात गाजलेली केस कोलोरॅडोची. ब्रँडन कोट्स लहान वयात कार ॲक्सिडेंट होऊन व्हीलचेअरवर आलेला, डिश नेटवर्क या टीव्ही कंपनीत फोनवर कस्टमर सर्व्हिसचं काम करायचा, स्नायू आखडून पेटके यायचे म्हणून राज्याकडून मेडिकल गांजाचं लायसन्स काढलेलं आणि घ्यायचा तेही कामावरून घरी आल्यावरच. 2010 मध्ये रँडम ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि नोकरी गेली. कामावर तो नशेत होता असं कंपनीही म्हणत नव्हती! कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कायदेशीर गोष्टीवरून कुणाला काढायचं नाही असा कायदा कोलोरॅडोत आहे, त्याच्या जोरावर तो लढला, पण 2015 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गोष्ट राज्य आणि केंद्र दोन्हीकडे कायदेशीर पाहिजे, आणि केंद्राच्या 1970 च्या कायद्यानं गांजा अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीत टाकलेला. झालं, केस हरला.

खरी गोची टेस्टमध्ये आहे. लघवीच्या टेस्टमध्ये जे सापडतं ते टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) शरीरात मोडल्यावर उरलेलं द्रव्य, त्याची स्वतःची नशा काहीच नसते, पण टीएचसी चरबीत साठत असल्यामुळे ते काही दिवस आणि रोज घेणाऱ्याच्या अंगातून तर काही आठवडे निघत राहतं. दारूची ब्रीथ टेस्ट आत्ता रक्तात किती आहे ते सांगते, ही टेस्ट मागच्या शनिवारचा हिशोब सोमवारी मांडते. त्यावरून कुणाची रोजीरोटी काढून घेणं हा सरळ अन्यायच आहे.

हे हळूहळू बदलतंय. नेवाडात 2020 पासून नोकरीआधीच्या टेस्टमध्ये गांजा निघाला एवढ्यावरून बहुतेक कामांसाठी उमेदवाराला नाकारता येत नाही. न्यूयॉर्कनं 2021 मध्ये ड्युटीबाहेरच्या कायदेशीर वापराला संरक्षण दिलं, कॅलिफोर्नियात 2024 पासून त्या उरलेल्या द्रव्यावरून बहुतेक नोकऱ्यांमध्ये कारवाई करता येत नाही (बांधकामवाले मात्र वगळलेत). कामावर नशेत यायची मुभा अर्थातच कुठेच नाही. ट्रकचालक, पायलट वगैरेंना केंद्राचे टेस्टिंगचे नियम लागतात, तिथे राज्याचा कायदा उपयोगाचा नाही, आणि शेकडो लोकांचा जीव हातात असताना थोडी कडकाई समजण्यासारखी आहे.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात व्हिसावर असलेल्या आपल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, इमिग्रेशन केंद्राच्या कायद्यानं चालतं. राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या वेळी आड येऊ शकतो, कंपनीनं काही विचारलं नाही तरी.