बुरशीचा कॉर्नियल अल्सर

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, त्यात बुरशी शिरून जखम होते तिला बुरशीचा कॉर्नियल अल्सर किंवा फंगल केरॅटायटिस म्हणतात. गावाकडं 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, पण फूल म्हणजे जखम भरल्यावर उरलेला पांढरा डाग, तोवर नजर बऱ्याचदा गेलेली असते.

कोल्हापूरकडं ह्याचं कारण शोधायला लांब जायला नको, उभा ऊस आहे की. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले कुठंही जा, उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते आणि पाला काढताना नाहीतर तोडणीत पान डोळ्याला नुसतं ओझरतं लागलं तरी कॉर्नियाचं वरचं पातळ आवरण खरचटतं, मग पाल्यावरची नाहीतर मातीतली बुरशी त्यातनं आत जाते. भाताचं कुसळ, धार काढताना म्हशीच्या शेपटीचा फटकारा, ह्यानंसुद्धा होतं. आपल्या देशात फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस ह्या बुरश्या जास्त सापडतात. २०२१ ला गाजलेला म्युकर, म्हणजे 'काळी बुरशी', वेगळा, तो नाकासायनसमधनं डोळ्याच्या खोबणीत शिरतो.

ही बुरशी सावकाश वाढते आणि तिथंच माणूस फसतो. पहिल्या दिवशी खुपतं, पाणी येतं, मग जरा बरं वाटतं आणि काही दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरट ठिपका दिसायला लागतो. तेवढ्यात कुणी एरंडेल घातलेलं असतं, कुणी मेडिकलमधनं ड्रॉप आणलेला असतो. अँटिबायोटिकचा बुरशीवर उपयोग होत नाही, आणि ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवस कमी होते पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. ओरखडा गेलेल्या डोळ्यात न विचारता स्टेरॉइड घालू नये, हे जितक्यांदा सांगावं तितकं थोडंच.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या मशीनखाली, जखमेची कड पिसासारखी, बाजूला सुटे बारके ठिपके, खाली पू साचलेला असं दिसलं की बुरशीचा संशय येतो. पण नुसतं बघून खात्री होत नाही, म्हणून डोळा बधिर करून जखम खरवडतात आणि तो नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, मात्र दिवस, कधी आठवडे लागतात.

पहिलं औषध नॅटामायसिन ५ टक्के. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीत १९५० च्या दशकात सापडलं, नावही त्यावरनंच, आणि २०१३ मध्ये आलेल्या दक्षिण भारतातल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल ह्या दुसऱ्या बुरशीनाशक औषधाच्या ड्रॉपपेक्षा सरस ठरलं, खासकरून फ्युजेरियमवर. पांढरं दाटसर औषध आहे, खाली बसतं, म्हणून बाटली दरवेळी हलवायची. सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा. आता उसाच्या फडावर खोपीत राहणारा तोडणी मजूर रात्रभर हे कसं करणार, म्हणून अशा पेशंटला अ‍ॅडमिट करणंच बरं. नॅटामायसिन खोलवर जात नाही, त्यामुळं जखम खोल असेल तर कॉर्नियातच इंजेक्शन देतात नाहीतर गोळ्या जोडतात, आणि व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या चालू असतील तर लिव्हरच्या टेस्ट करत राहायला लागतात.

खरं काम लक्ष ठेवण्याचं आहे. दर तपासणीला जखमेची लांबीरुंदी मोजायची, खोली बघायची, पू किती मिलिमीटर ते लिहायचं, जमलं तर फोटो. पिसासारखी कड बोथट व्हायला लागली, बाजूचे ठिपके विरले की समजायचं औषध लागू पडतंय. सुधारणा फार हळू दिसते, आठवड्यात फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे खूप असतात. औषधाचाच पांढरा थर जखमेवर बसतो, तो बुरशी वाढल्यासारखा वाटू शकतो. वरचं आवरण भरलं तरी ड्रॉप अजून काही आठवडे चालू ठेवायला लागतात. कॉर्निया पातळ झाला, भोक पडलं किंवा औषधाला दादच देईना, तर बारक्या भोकाला ग्लू लावतात, नाहीतर दान मिळालेला कॉर्निया बसवतात, आणि बुरशी डोळ्याच्या आत पोचली तर आतच इंजेक्शन द्यायला लागतं.

हंगाम संपला की बीडकडच्या टोळ्या गावी परततात आणि उपचार अर्ध्यात सुटतो. अशा पेशंटच्या हातात खरवडून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आणि जखमेची मापं लिहिलेला कागद द्यावा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला पहिल्यापासनं सुरुवात करायला लागत नाही.