नोटेवरील चिन्हे
नोटेवरील चिन्हे : चलनी नोटेवर छापलेली चित्रे, अक्षरे, रेघा आणि उठाव. यांतल्या काही खुणा नोट खरी की खोटी हे ओळखण्यासाठी असतात. काहींवरून राज्यकर्त्यांना स्वतःविषयी काय सांगायचे होते ते कळते. ‘गुप्त’ म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक गोष्टी रिझर्व्ह बँकेने स्वतःच जाहीर केलेल्या असतात. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची आवई देशभर उठली आणि सातारा-सांगलीच्या चहाच्या टपऱ्यांवरही ती रंगली. चिप नव्हती. पाठीवर मंगळयान मात्र होते, आणि नोट उलटून ते पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

नोटेचा गाभा म्हणजे तिच्यावरचे वचन : ‘मैं धारक को … रुपये अदा करने का वचन देता हूँ’, आणि खाली गव्हर्नरची सही. सांगलीच्या हळदपेठेला हा व्यवहार नवा नव्हता. हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी, वटते ती पेढीची पत पाहून. नोटेचेही तेच, पेढी तेवढी सरकारी. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते. ती भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि कायदा तिला नाणेच समजतो. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी ती निघाली. आहेराच्या पाकिटात शंभरावर ठेवला जाणारा ‘वरचा रुपया’ या नोटेचा असला, तर ते कागदी नाणेच म्हणायचे.

नोटेवरच्या चेहऱ्यांचा इतिहास सातारा-सांगली भागात जरा वेगळा वाचावा लागतो. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मधली, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात उभारलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली, तेव्हा चलनात याच राजाच्या नोटा होत्या. राजाला न मानणाऱ्यांचा कारभारही त्याच्याच तोंडवळ्याच्या पैशावर चालायचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले आणि राजाच्या नोटेवर मराठी माणसाची सही आली. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. गांधीजी १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्ताने आले आणि १९९६ पासून कायमचे झाले. आजचा त्यांचा हसरा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला नव्हे. १९४६ मध्ये ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स यांच्यासोबत टिपलेल्या छायाचित्रातून तो घेतलेला आहे.

पाठीवरच्या चित्रांत आज स्मारके आहेत : दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, शंभरावर गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. महाराष्ट्रातले त्यांत एकटे वेरूळ. तरीही आपल्या माणसाला सर्वांत जवळचे चित्र कर्नाटकातले आहे. २०१७ च्या निळ्या पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या आवारातला. तो रथ म्हणजे गरुडाचे देऊळ : विठ्ठलासमोर त्याचे वाहन. एकाच शिळेतून कोरल्यासारखा दिसतो, पण अनेक दगड जुळवून उभा केलेला आहे. पुढचे हत्तीही मूळचे नव्हेत. त्यांच्या मागे घोड्यांच्या पायांच्या खुणा आजही दिसतात. वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. इतिहास म्हणून याला पुरावा मागता येईल, पण परंपरा पक्की आहे. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंदच्या मुक्कामी चहाचे पैसे देताना एखादा वारकरी कनवटीची पन्नासची नोट काढतो, तेव्हा ज्याच्या भेटीला तो निघाला आहे त्याच्याच दुसऱ्या देवळाचा रथ त्याच्या हातात असतो. नोट आखणाऱ्यांच्या हे ध्यानात असेल असे वाटत नाही.

मागच्या बाजूचा भाषापट्टा सहसा कोणी वाचत नाही. त्यात पंधरा भाषा आहेत, त्याही इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. आसामी पहिली, उर्दू शेवटची, आणि मराठी आठवी म्हणजे नेमकी मधली. शंभराच्या नोटेवर कोकणीत ‘शंबर रुपया’, मराठीत ‘शंभर रुपये’, तर संस्कृतात ‘शतं रूप्यकाणि’. जत तालुक्यात घरी कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या पोराला या पट्ट्यात चौथी आणि आठवी अशा आपल्या दोन ओळी सापडतात.

उरलेल्या खुणा बोटांसाठी. कागद कापसाचा असल्याने खिशात राहून धुण्यात गेलेली नोटही शाबूत निघते. शंभर व त्यावरच्या नोटांच्या कडांना उठावाच्या तिरप्या रेघा असतात : शंभराला चार, पाचशेला पाच, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळे. शंभर ते पाचशेच्या नोटांतला धागा कलता धरला की हिरव्याचा निळा होतो. सौद्याच्या दिवशी गड्डी मोजणारा अडत्या यातले काहीच मुद्दाम पाहत नाही. अंगठ्याखालून नोट सरकताना ती बुळबुळीत लागली की हात आपोआप थांबतो. दहा, वीस व पन्नासच्या नव्या नोटांवर स्पर्शाने ओळखायची उठावाची खूण नाही, आणि दृष्टिहीन विक्रेत्याच्या हातात दिवसभर याच नोटा येतात. त्याला मुख्य आधार लांबीचा : दहाची १२३ मिलिमीटर, वीसची १२९, पन्नासची १३५. नोट बोटांना गुंडाळून कुठवर येते ते तो चाचपतो. कोपरा फाटलेला किंवा मुडपलेला असला तर दोन नोटांमधला तो सहा मिलिमीटरांचा फरक जातो आणि शेजारच्याला विचारावे लागते.